दारावरचा तांबडा थेंब

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा माहितीवर विश्वास नव्हता, आणि एवढ्या एका कारणासाठी मला ते आवडायचे. मी रेल्वेच्या एका कार्यालयात अनुवादक आहे. पाणी वाचवा, वीज वाचवा, कागद दोन्ही बाजूंनी वापरा, असल्या सूचना इंग्रजीतून हिंदीत आणणं हे माझं पोट भरण्याचं साधन. त्या वाचून कुणी नळ बंद केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पर्यावरण दिनाची शपथही माझ्याच हातून गेलेली आहे. हॉलमध्ये सगळे उजवा हात पुढे करून ती म्हणायला उभे राहतात तेव्हा मागच्या स्वच्छतागृहातला गळका नळ स्पष्ट ऐकू येतो, कारण एरवी त्या हॉलमध्ये इतकी शांतता कधी नसते.

मार्चमध्ये तारनाक्याच्या आमच्या इमारतीतल्या बोअरचं पाणी आटलं आणि टँकर सुरू झाले, तेव्हा सेक्रेटरींनी सेलरमध्ये सभा बोलावली. इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेला हैदराबादेत सेलर म्हणतात. आमची सगळी लोकशाही तिथे, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत, नांदते. सेक्रेटरी मूळचे पुण्याचे, संगणकाच्या नोकरीसाठी इकडे आलेले, वयाने माझ्या धाकट्या भावासारखे. मला ताई म्हणतात.

"नुसती माहिती देऊन काही होत नाही," ते म्हणाले. "टँकरचं पाणी कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणी शॉवर बंद केला का? माणूस बदलतो तो भावनेनं. अभिमान आणि लाज. दोनच बटणं आहेत."

हे त्यांना ऑफिसातल्या कुठल्याशा प्रशिक्षणात कळलं होतं. मी विचारलं, "आणि भीती?"

"भीतीनं माणूस पळतो, ताई. बदलत नाही."

वाक्य चांगलं होतं. माझ्या खात्यातलं असतं तर मी त्याचं हिंदी करून भिंतीवर लावलं असतं.

योजना अशी होती: प्रत्येक फ्लॅटला मागच्याच वर्षी पाण्याचा मीटर बसवला होता. महिना संपला की ज्या घरानं कमी पाणी वापरलं त्याच्या दारावर हिरवं पान चिकटवायचं आणि ज्यानं जास्त वापरलं त्याच्या दारावर तांबडा थेंब. दंड नाही, भांडण नाही. येणारा-जाणारा बघेल, बस.

"दरवाजे कू लाल बिंदी लगारे क्या जी?" आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलं, आणि सगळे हसले. या बाई तेलुगू, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि कुठल्याही सभेत त्यांच्यामुळेच थोडी हवा खेळते. सेक्रेटरीही हसले. लाज हसतखेळत वाटावी हीच त्यांची कल्पना होती. माणूस वाईट नव्हता, आणि मी जे सांगणार आहे त्यात कुणीच वाईट माणूस नाही. अडचण तीच आहे.

आता आईविषयी. ती आमच्याकडे राहते. ऐंशीच्या घरात आहे. परभणीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आली. वडील रेल्वेत होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये तिचा संसार झाला. बोली मराठवाड्याची, तिच्यात दख्खनी अशी मिसळलेली की कुठला शब्द कुठून आला हे तिलाच सांगता येणार नाही. पाणी ती लहानपणापासून जपते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत, कपडे पिळलेलं पाणी फरशीला. तिला पर्यावरण हा शब्द उच्चारता येत नाही. माझ्या ऑफिसातल्या लोकांना तेवढाच येतो.

पण घरात कुणी आलं की हा हिशेब उलटतो. आलेल्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्यासमोर भरलेला गिलास येतो. गॅसवाला, वीजबिलवाला, चुकून वरच्या मजल्याऐवजी आमच्याकडे आलेला पाहुणा, सगळ्यांना. माणूस पाणी नको म्हणाला तर ती दुखावते. अर्धा गिलास ठेवून गेला तर त्याच्याविषयी तिचं मत कायमचं बिघडतं.

याचं कारण मला पूर्वीपासून माहीत आहे. तिच्या गावात आड होता आणि आमच्या लोकांना त्याच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली की तो पोहरा ओढून वरून ओतायचा. शेतावर तहान लागली तर ओंजळ करायची, वरून धार यायची. ओतणारा कधी धार मुद्दाम लांब न्यायचा, म्हणजे ओंजळ धरलेल्या पोरीनं वाकून, सरकून ती पकडावी. बाकीचे हसायचे. आईनं हे मला एकदाच सांगितलं, तेही गवार मोडता मोडता. पण त्यातून तिचा एक नियम झाला होता, तो मात्र मी हजारदा ऐकला आहे: "मला कशावरून बी बोला. पाण्यावरून कुणी बोललेलं मला चालत नाही."

एप्रिलच्या सुरुवातीला संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आमच्या दारावर तांबडा थेंब होता.

आमच्या दारावर पंचशीलाची एक छोटी पट्टी आहे. ती वाचून ज्यांना आमची अख्खी वंशावळ कळते ते मराठी लोक. बाकीच्यांना ती नुसती शोभेची. वॉचमननं थेंब नेमका त्या पट्टीच्या खाली चिकटवला होता. जागा तेवढीच सपाट होती.

आई दाराशीच बसलेली. "हे तांबडं काय लावलंय?"

"काही नाही गं. पाणी जास्त वापरलं म्हणून."

"कुणी?"

"आपण."

"आपण म्हंजे?" तिनं बोटांवर मोजलं. "तू दिवसभर हापिसात. जावई बँकेत. घरात मीच असते."

मी हसले. माझा नवराही हसला. तो म्हणाला, "आई, शाळेत मला कायम लाल शेरे असायचे. घरातली परंपरा आहे." समोरच्या बाईंच्या दारावरही थेंब लागला होता, आणि तो लागायलाच हवा होता, कारण त्या रोज उंबरा धुऊन रांगोळी काढतात आणि शुक्रवारी तर सगळा जिना धुतात. त्यांनी थेंबाला हळदीचे दोन डोळे काढले, खाली कुंकवाचं तोंड काढलं आणि दुसऱ्या दिवशीही उंबरा धुतला. लाज त्यांच्या दारापर्यंत आली आणि तिला चहा मिळाला, अशातला प्रकार.

मला त्या वेळी कळायला हवं होतं असं आता वाटतं, पण कळण्यासारखं तेव्हा काही दिसत नव्हतं. आई भाजी धुतलेलं पाणी आधीच कुंडीत घालत होती. आता ती भाजी एका वाटीत धुऊ लागली. अंघोळ ओल्या पंच्यानं. "म्हाताऱ्या माणसाला घाम कुठून येतो?" असं तिचं म्हणणं. आम्ही कौतुक केलं. एकदा सेक्रेटरी काही कामानं आले, तेव्हा ती तांदळाचं पाणी गाळून ठेवत होती. त्यांनी फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला: "आपल्या आजींकडून शिका." खाली टाळ्यांची रांग लागली. आईला फोनवर तो फोटो दाखवला तेव्हा तिनं पदर नीट आहे का एवढंच पाहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरा थेंब लागला. पहिल्याच्या शेजारी, सरळ रेषेत.

त्या रात्री ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आजी सगळ्यांना शिकवतात, घरच्यांना सोडून?" पुढे हसणारे चेहरे. माझ्या नवऱ्यानं ते जेवताना मोठ्यानं वाचलं. त्याचा काही हेतू नव्हता. त्याला विनोद दिसला की तो वाचून दाखवतो.

आईनं घास खाली ठेवला. "काय म्हणायलेत?"

"काही नाही, आई. चेष्टा."

"चेष्टाच असती ती," आई म्हणाली आणि परत जेवायला लागली.

मी अनुवादक आहे. शब्दाच्या मागे काय आहे हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. त्या वाक्याच्या मागे आडाभोवतीची सगळी माणसं उभी होती आणि मी वरण वाढत होते.

मग उन्हाळा चढला. आई दुपारी जास्त झोपू लागली. जीभ कोरडी पडायची, बोलताना शब्द चिकटायचे. एकदा तिनं मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली, आणि ती मावशी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मी रोज सकाळी तिच्या खाटेजवळ पाण्याची बाटली भरून ठेवत असे आणि संध्याकाळी ती रिकामी झालेली असे. त्यामुळे पाण्याचा संशय मला आलाच नाही. मी उन्हाला दोष दिला, वयाला दिला, मराठी माणसाच्या सवयीप्रमाणे पित्ताला दिला.

एका सकाळी ती मोरीच्या दारात कोसळली.

दवाखान्यात तिच्या हाताला सलाइन लावलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कातडी चिमटीत धरून पाहिली. ती सोडल्यावर तशीच उभी राहिली. "पाणी किती पितात?" त्यांनी मला विचारलं. मी बाटलीचं सांगितलं. रोज संपते, म्हणाले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी अशी रिकामी बाटली सांगणाऱ्या बऱ्याच मुली पाहिल्या असाव्यात.

संध्याकाळी आई शुद्धीवर नीट आली, तेव्हा मी विचारलं.

"माठात ओतायचे," ती म्हणाली. "तू यायच्या आधी."

"का पण?"

"पिलं की जावं लागतं. गेलं की टाकी सोडावी लागती. त्या टाकीतून केवढं पाणी जातं, आवाज ऐकलास का कधी?" मग सलाइनच्या बाटलीकडे पाहून तिनं विचारलं, "हे कुणाच्या मीटरात?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं हिंदी चित्रपत्रक होतं आणि भाषांतर वाईट होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आईचे कपडे आणायला घरी गेला. घर बंद, आत कुणी नाही. दार उघडताना शेजारच्या, पाण्याचे पाइप जातात त्या डक्टमधून त्याला बारीक आवाज आला. मीटर फिरत होता. त्यानं फोन केला: "अगं, घरात माणूस नाही आणि पाणी चाललंय." प्लंबर आला. आमच्या खोलीतल्या कमोडच्या टाकीतला वायसर झिजला होता. पाणी आतल्या आत, भांड्याच्या मागच्या बाजूनं, दिवसरात्र वाहत होतं. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. आई जे वाटीवाटीनं वाचवत होती त्याच्या कितीतरी पट ती टाकी सोडून देत होती. प्लंबरनं नवा वायसर बसवला, जुना नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि चहा घेऊन गेला.

आईला घरी आणलं तोवर जून लागला होता. वायसर बदलल्यावरचे दिवस आणि घर बंद राहिलेले दिवस मिळून आमचा मे महिना एकदम कमी भरला होता. लिफ्टमधून बाहेर पडलो तर दारावर हिरवं पान.

आई तिथेच थांबली. मी तिचा दंड धरलेला होता, तो तिनं सोडवून घेतला आणि बोटानं पानाची कड चाचपली. नीट चिकटलंय ना, हे पाहण्यासारखं. मग माझ्याकडे वळली. इतकी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या पत्राच्या दिवशीही पाहिलेली नाही.

"झालं ना?" ती म्हणाली. "आता कोण बोलतं बघू."

घरात गेल्यावर मी तो जुना वायसर तिला दाखवला. नवऱ्यानं तो खिडकीत ठेवला होता. मी सगळं समजावून सांगितलं: टाकी, गळती, फिरणारा मीटर. ती ऐकत होती, शाळेतल्या पोरानं थाप मारताना आपण ऐकतो तशी.

"ही एवढीशी रबराची चकती?"

"हो."

"मला येडं नको समजू, बाई. मी महिनाभर जिवाला मारलं तवा ते हिरवं झालं. तू म्हणतीस चकतीनं झालं."

आणि इथे मी थांबले. कारण पुढचं वाक्य असं होतं: तुझ्या तहानेचा काही उपयोग झाला नाही, आई. थेंब तुझ्यामुळे लागला नव्हता आणि पान तुझ्यामुळे लागलेलं नाही. तू फुकट कोसळलीस. हे वाक्य खरं होतं आणि ते मला बोलता आलं नाही. न बोलावं तर तिची खात्री पक्की होत होती की तहान लागून राहिलं की पान मिळतं. दोन्हीकडून तिचाच घसा कोरडा.

त्याच आठवड्यात ऑफिसात शपथ झाली. 'मी पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवीन' हे त्यातलं वाक्य माझंच आहे. मूळ इंग्रजीत 'प्रत्येक' नव्हतं, ते मी लयीसाठी घातलं होतं. सगळे म्हणाले. मी ओठ हलवले.

सेक्रेटरी आईला बघायला आले. सफरचंदं घेऊन आले होते. त्यांना तिच्या हस्ते सेलरमध्ये काहीतरी करायचं होतं, शाल वगैरे. मी त्यांना बाहेर लिफ्टजवळ नेलं आणि माठाचं सांगितलं. आडाचंही सांगितलं, जेवढं लिफ्टजवळ सांगता येतं तेवढं. ते पांढरे पडले. खरोखर.

"ताई, माझ्या डोक्यातच आलं नाही."

"येणार कसं? तुम्हाला पाण्यावरून कधी कुणी बोललेलंच नाही."

हे मी जरा जास्तच कोरडेपणानं म्हटलं. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पण टँकर निम्म्यावर आले आहेत, ताई. म्हणजे... उपयोग झाला."

झाला होता. तेही मान्य करायला हवं. ज्यांनी शॉवर बंद केले त्यांना लाज चिमटीभर लागली होती, मिठासारखी, चव येण्यापुरती. चिमूट सगळ्यांना सारखीच वाटली गेली. फक्त कुणाच्या ताटात आधीपासून किती मीठ आहे हे वाटणाऱ्यानं पाहिलं नव्हतं. असलं काही मी त्यांना म्हणाले नाही. दोन दिवसांनी वॉचमन सगळ्या दारांवरची पानं आणि थेंब खरवडून काढायला आला. "सेक्रेटरी साब बोले सब निकालने कू."

आमच्या दाराशी आईनं त्याला अडवलं. "ये नक्को निकालो. ये हमारा है."

म्हणून आता अख्ख्या इमारतीत पान फक्त आमच्या दारावर आहे.

आणि आई पाणी पीत नव्हती. आता लपवायचंही तिनं सोडलं होतं. मी गिलास दिला की दोन घोट घ्यायची, बाजूला ठेवायची. "पिते नंतर." रागावले तर अजून एक घोट, उपकार केल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाचा भरवसा नाही. मी तेही तिला सांगितलं. माहितीनं माणूस बदलत नाही हे सेक्रेटरींनी मला मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं.

एके सकाळी समोरच्या बाई आईची चौकशी करायला आल्या. उंबरा धुऊन थेट आलेल्या, हातात त्यांच्या घरचा स्टीलचा गिलास, काठोकाठ भरलेला. "अम्मा, मटके का है. ठंडा है. पी लेव."

आईनं गिलास घेतला. ओठाला लावला आणि सबंध प्यायली. न थांबता. मग गिलास परत करताना तो थोडा पुढे धरून थांबली, क्षणभरच. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला, खाली ठेवायला सांगितला नाही, आणि बोलता बोलता पदराला पुसला.

बाई स्वतः पाणी वरून पितात, इकडच्या पद्धतीनं. गिलासाला ओठ लावत नाहीत. आईला ते माहीत आहे. ती मुद्दाम लावते. आपला उष्टा गिलास समोरचा माणूस हातानं घेतो का हे ती पाहत होती, मला त्या एका क्षणात समजलं. बाहेरच्याच्या हातून, हातात दिलेलं पाणी ती नाकारू शकत नाही. ते नाकारण्याची संधी तिला कधी मिळालीच नव्हती, आणि आता ती मिळाली तर तिला ती नको आहे.

मी बाईंना जिन्यात गाठून विनंती केली. रोज सकाळी आणि चार वाजता एक गिलास द्याल का? आपण होऊन आणल्यासारखा. बाईंनी कारण विचारलं नाही. "देती ना जी. मेरी भी अम्मा ऐसीच थी," म्हणाल्या. त्यांची आई नक्कीच तशी नव्हती, पण त्यांनी ते म्हटलं. जून आणि जुलै आई समोरच्या पाण्यावर जगली. तोंडावर तुकतुकी आली. मावशीच्या नावानं हाक मारणं थांबलं.

ऑगस्टमध्ये बाईंना मुलाकडे बंगळूरला जावं लागलं, सुनेच्या बाळंतपणासाठी. दाराला कुलूप. पहिले दोन दिवस मी आईच्या दोन घोटांवर काढले. तिसऱ्या दिवशी जिना चढून चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या दारात गेले.

बेल वाजवायच्या आधी मी बराच वेळ उभी होते. पदवी आहे, सरकारी नोकरी आहे, खाली स्वतःच्या घरात तीन नळ आहेत. आणि आईला पाणी मिळावं म्हणून मी दुसऱ्याच्या दारात, लांब उभी.

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसला जाताना बाटली घेऊन आले. विकतची, सीलबंद, स्वच्छतेचा विचार करून. आईनं ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "हे दुकानातलं आहे, साहेब. तुमच्या घरचं नाही का पाणी?" ते गडबडले, वर गेले आणि काचेचा गिलास भरून घेऊन आले, जिन्यात सांडत. आई प्यायली. गिलास पुढे धरून थांबली. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जरा जास्तच आदरानं, बक्षीस घेतल्यासारखा. आईला ते आवडलं. मला तेवढं आवडलं नाही, पण मला कोण विचारतंय.

तेव्हापासून ते येतात. कधी स्वतः, कधी त्यांची बायको. आई त्यांना बसवते, उलट आमच्याकडचा गिलास त्यांच्यापुढे करते, तेही पितात. बाहेरून बघणाऱ्याला हे फार छान दिसत असेल. ग्रुपवर फोटो टाकू का, असं त्यांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आईला एक गोष्ट माहीत नाही आणि ती तिला कळता कामा नये: हे पाणी मी मागून आणलेलं आहे. आपण होऊन दिलेलं पाणी वेगळं आणि मागून मिळालेलं वेगळं, हा फरक तिच्याइतका कुणाला कळत नाही. हे मागितलेलं आहे असं तिला कळलं, तर माझ्या घरात कुणीही, कसाही भरलेला गिलास दिला तरी ती पिणार नाही.

आणि एक गोष्ट मी आईला सांगत नाही, कारण ती तिलाही दिसतच असेल. सुरुवातीला वरून येणारा गिलास रोज वेगळा असायचा. कधी काचेचा, कधी स्टीलचा, एकदा तर त्यांच्या मुलीचा, ससा काढलेला. गेल्या आठवड्यापासून एकच येतो आहे. स्टीलचा, कडेला निळी रेघ असलेला. हाताशी तोच येत असेल. पिढ्यान्‌पिढ्या असे गिलास वेगळे ठेवले गेले म्हणून प्रत्येक गिलासाकडे असं बघावं का, हे मला ठरवता येत नाही. मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते पांढरे पडतील, आणि उद्यापासून मुद्दाम बदलून बदलून गिलास आणतील, आणि मग मला कधीच कळणार नाही.

आज सकाळी तो निळ्या रेघेचा गिलास आला. आईनं तो हातात घेऊन थोडा फिरवला, रेघ पाहिली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मग तिनं ओठ लावले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.